सोडण्यासाठी लागणारं इंधन

दंड फुगवून दाखवणाऱ्याची समजूत असते की सगळी ताकद आवळण्यात खर्च होते. स्नायूच्या आतला हिशेब नेमका उलटा आहे. मायोसिन हे प्रथिन ॲक्टिनच्या तंतूला आपणहून चिकटतं. इंधन लागतं ते सुटायला.

हे यंत्र ज्या खणात चालतं त्याचं नाव सार्कोमिअर. त्याची लांबी जेमतेम दोन-अडीच मायक्रोमीटर. मधोमध मायोसिनचे जाड तंतू, आणि दोन्ही टोकांकडून त्यांच्यात शिरलेले ॲक्टिनचे बारीक तंतू. एका जाड तंतूत मायोसिनचे सुमारे ३०० रेणू असतात आणि प्रत्येकाला दोन डोकी.

या जोडीचा छडा लागला तो ऐन महायुद्धात, हंगेरीतल्या सेगेड विद्यापीठात. अल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांना १९३७चं नोबेल आधीच मिळालेलं होतं. त्यांच्या सहकारी इलोना बांगा यांनी स्नायूचा अर्क रात्रभर तसाच ठेवला, तर सकाळी तो घट्ट झालेला. हा घट्टपणा ॲक्टिनमुळे येतो, हे ब्रुनो स्ट्राउब यांनी शोधलं. पुढे या दोन प्रथिनांचे धागे काढून त्यांवर उकळलेल्या स्नायूचा रस टाकला, आणि काचेवरचे ते निर्जीव धागे डोळ्यांदेखत आखडले. रसातली करामत एटीपीची, म्हणजे स्नायूच्या इंधनाची होती.

मग तंतू स्वतः आखूड होतात का? नाही. मे १९५४मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले: एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. (दोघे हक्सली एकमेकांचे कोणी नव्हेत.) निष्कर्ष एकच: तंतू आहेत तेवढेच राहतात, फक्त एकमेकांवरून सरकतात.

सरकवतात ती मायोसिनची डोकी. एटीपी येऊन बसला की डोकं ॲक्टिनवरून सुटतं. एटीपी फुटला की ते मागे रेलून ताणलेल्या पवित्र्यात येतं. मेंदूचा हुकूम पोचल्यावर कॅल्शियम सुटतं आणि ॲक्टिनवरच्या जागा मोकळ्या होतात. डोकं तिथे चिकटतं, फॉस्फेट निसटतो आणि झटका बसतो. तो असतो पाच ते दहा नॅनोमीटरचा! रस्सीखेचीत सगळ्यांनी एकदम हात सोडले तर दोर गेलाच. इथेही काही डोकी धरून असतात तेव्हाच बाकीची सुटतात.

आता एटीपी संपला तर? डोकी चिकटलेलीच राहतात. मृत्यूनंतर काही तासांत देह ताठरतो तो यामुळे, आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर मृत्यूची वेळ काढताना हा ताठरपणा पाहतात. दीड-दोन दिवसांत प्रथिनं कुजायला लागली की तो उतरतो. म्हणजे पकड अखेर सुटते ती यंत्रच मोडल्यावर.

जिवंतपणीही ही पकड जास्त होऊ शकते. हृदयाची भिंत जाड होण्याच्या एका आनुवंशिक आजारात मायोसिनची डोकी गरजेपेक्षा जास्त संख्येने कामाला लागतात. मायोसिनला आवर घालणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातला असाच एक दोष सुमारे ४ टक्के भारतीयांत असल्याचं २००९मध्ये दिसून आलं. तो असणाऱ्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. ही डोकी थोपवून धरणाऱ्या मॅवाकॅम्टेन या औषधाला २०२२मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्रा जास्त झाली तर ठोकाच कमजोर पडतो, म्हणून ते घेणाऱ्याला ठरावीक काळाने इको करून घ्यावा लागतो.