दोन सर्व्हर असूनही पत्रे का हरवतात?

ग्वाल्हेर म्हटले की मराठी वाचकाला शिंद्यांचे घराणे आठवते, तानसेनाची समाधी आठवते. वीज अभियंत्यांना मात्र या शहराचे नाव आणखी एका कारणाने ठाऊक आहे. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास ४०० किलोव्होल्टची बिना-ग्वाल्हेर वीजवाहिनी बंद पडली आणि पाठोपाठ उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीच वाहिनी पुन्हा बंद पडली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही जाळी ठप्प झाली आणि ६० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या प्रदेशाला त्याची झळ बसली. गोवा पश्चिमेकडील जाळ्यात असल्याने वाचला.

चौकशीत जे पुढे आले ते केवळ विजेपुरते नाही. वाहिनीत कोणताही प्रत्यक्ष बिघाड नव्हता. तिच्या जोडीची दुसरी वाहिनी दर्जोन्नतीच्या कामासाठी बंद ठेवली होती. त्यामुळे पश्चिम आणि उत्तर यांमधला मुख्य मार्ग एकच उरला होता. त्यावर भार इतका चढला की संरक्षक यंत्रणेने त्या भारालाच बिघाड समजून वाहिनी तोडली. राखीव मार्ग कागदावर होता. गरजेच्या क्षणी नव्हता.

कार्यालयांची, हॉटेलांची, पतसंस्थांची आणि वकिलांची कामे आज ज्या ई-मेलवर चालतात, त्या सेवेचा हिशेबही याच प्रकारचा आहे. सर्व्हर बंद पडला म्हणजे आरक्षण, निविदा, नोटीस, बिले सारे थांबते. त्यावर ‘आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत’ हे उत्तर सर्रास मिळते. ते उत्तर अपुरे का, हे समजण्यासाठी पत्राचा प्रवास पाहावा लागतो.

ई-मेलची रचना मुळातच धीराची आहे. पाठवणारा सर्व्हर प्रथम त्या पत्त्याच्या नोंदी तपासतो. एका पत्त्यासाठी एकाहून अधिक सर्व्हर क्रमाने नोंदवता येतात. पहिला प्रतिसाद देत नसेल तर पत्र दुसऱ्याकडे जाते. एकही उपलब्ध नसेल तर पाठवणारा सर्व्हर ते रांगेत ठेवून पुनःपुन्हा प्रयत्न करतो. प्रचलित नियमांनुसार हा प्रयत्न साधारण चार-पाच दिवस चालू राहावा अशी अपेक्षा आहे. म्हणून दोन-चार तास सेवा बंद राहिली तरी बाहेरून येणारी पत्रे सहसा नष्ट होत नाहीत, उशिरा पोहोचतात. खरा धोका असतो तो पेटीत आधीच येऊन पडलेल्या, वर्षानुवर्षे साठलेल्या पत्रांना.

या पेटीचे रक्षण करण्याचा पहिला उपाय म्हणजे रेप्लिकेशन. एका सर्व्हरवर झालेला प्रत्येक बदल लागलीच दुसऱ्यावर उतरवायचा. तिला जिवंत प्रत म्हणू. पहिले यंत्र बंद पडले की दुसरे काम हाती घेते आणि वापरणाऱ्याला बहुधा कळतही नाही. यात एक निवड करावी लागते. दोन्हीकडे नोंद झाल्यावरच पत्र मिळाल्याची पोच द्यायची ठरवले, तर काहीच हरवत नाही, पण अंतराची किंमत मोजावी लागते. प्रकाशतंतूतून संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. हजार किलोमीटर दूर जाऊन परत यायला त्याला किमान दहा मिलिसेकंद लागतात, आणि हा विलंब प्रत्येक नोंदीमागे असतो. पोच आधी देऊन नक्कल मागाहून करायची ठरवले, तर काम जलद होते. मात्र मधल्या क्षणी यंत्र कोसळल्यास शेवटची काही पत्रे जातात.

दोन सर्व्हरांमधला दुवा तुटला तर आणखी एक पेच उभा राहतो. ‘दुसरा बंद पडला’ असे समजून दोघेही स्वतःला मुख्य मानू लागतात आणि पेटीच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या तयार होतात. म्हणून जाणकार तिसरा साक्षीदार सर्व्हर ठेवतात. बहुमत ज्याच्या बाजूने असेल तोच काम पुढे चालवतो.

इतके सारे केल्यावरही जिवंत प्रत एका गोष्टीपुढे हतबल ठरते. ती आज्ञाधारक असते. कर्मचाऱ्याने चुकून फोल्डर पुसला, सॉफ्टवेअरने चुकीची आज्ञा दिली किंवा घुसखोराने पत्रे कुलूपबंद केली, तर तोच बदल तितक्याच तत्परतेने दुसरीकडेही उतरतो. फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांना आपली पेटी रिकामी दिसली. गूगलकडे प्रत्येक पेटीच्या अनेक प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरांत होत्या, परंतु साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमधील दोषाने त्यांतल्या अनेक प्रतींना एकाच वेळी गाठले. पत्रे अखेर परत आली ती चुंबकीय फितींवरून. त्या फिती जाळ्यापासून अलग होत्या, म्हणून दोष त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. फितींवरून माहिती परत आणायला वेळ लागला, पण आणायला काही शिल्लक होते.

हा दुसरा उपाय म्हणजे बॅकअप, अर्थात ठरावीक वेळची, त्या क्षणी गोठवलेली प्रत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाच्या पाच सर्व्हरांवर सायबर हल्ला झाला आणि कामकाज अनेक दिवस कागदावर करावे लागले. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून बचावलेल्या बॅकअप सर्व्हरवरून.

बॅकअप कोठे ठेवला आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचारी आपली कागदपत्रे ज्या सामायिक साठ्यात ठेवत, तो ८५८ टेराबाइटचा साठा जळाला. त्याची बाहेर कोठेही प्रत नव्हती. तंत्रज्ञांमध्ये रूढ असलेला तीन-दोन-एकचा नियम अशाच प्रसंगांसाठी आहे. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी.

आता ग्वाल्हेरचा धडा सर्व्हरांना लावून पाहता येईल. दोन सर्व्हर प्रत्येकी सत्तर टक्के भाराने चालत असतील, तर त्यांतला एकही दुसऱ्याचा राखीव नसतो. एक पडताच दुसऱ्यावर एकशे चाळीस टक्के भार येतो आणि तोही बसतो. दुरुस्तीसाठी किंवा सॉफ्टवेअर बदलण्यासाठी एक सर्व्हर उतरवला, की तेवढा काळ संस्था एकाच आधारावर उभी असते. म्हणून अशी कामे कमी वर्दळीच्या वेळी करायची असतात, आणि जिथे सेवा थांबणे परवडत नाही तिथे दोनाऐवजी तीन सर्व्हर लागतात.

लहान संस्थांनी स्वतःचे सर्व्हर चालवण्याची गरज बहुधा नसते. ही सेवा त्या बाहेरून विकत घेतात. त्यांनी करारापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. अपघात झाल्यास जास्तीत जास्त किती वेळची पत्रे गमवावी लागतील? आणि सेवा पूर्ववत व्हायला किती वेळ लागेल? रोज रात्री एकदा बॅकअप घेतला जात असेल, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘एक दिवसाची’ असे येते. ते चालणार आहे का, हे तंत्रज्ञ ठरवू शकत नाही. ते संस्थेनेच ठरवायचे असते. पुसलेले पत्र किती दिवसांपर्यंत परत मिळते, हेही विचारून घ्यावे.

मोबाइलमध्ये पत्रे दिसतात म्हणून ती सुरक्षित आहेत, हा समजही सोडायला हवा. आजची बहुतेक ई-मेल अ‍ॅप सर्व्हरचे प्रतिबिंब दाखवतात. सर्व्हरवरून पत्र गेले की फोनमधूनही जाते.

आणि जो बॅकअप कधी उघडून पाहिलेला नाही, त्याच्यावर विसंबणे ही निव्वळ आशा आहे. फीत खराब असते, पासवर्ड माहीत असलेला माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, किंवा कित्येक महिने रिकामीच फाइल साठत आलेली असते. तीन महिन्यांतून एकदा कोणतेही एक जुने पत्र बॅकअपमधून परत आणून पाहावे आणि त्याला लागलेला वेळ वहीत नोंदवावा. एवढ्या तपासणीला नवे यंत्र लागत नाही. एका माणसावर ती जबाबदारी नेमून द्यावी लागते.