एकपदरी व्हॅनेडियम

दारे-खिडक्यांच्या ऑइल पेंटमधील रेझिनसाठी आणि विजेच्या वायरीवरील मऊ प्लास्टिकसाठी थॅलिक ॲनहायड्राइड नावाचे रसायन लागते. रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे आय. जी. पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यात ते ऑर्थोझायलिनपासून तयार होते. या अभिक्रियेचा रूढ उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता तिचा वेग वाढवणारा पदार्थ, व्हॅनेडियम ऑक्साइड असून ते टायटॅनियाच्या, म्हणजे पांढऱ्या रंगातही असणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या, आधारावर पसरलेले असते. व्हॅनेडियम छत्रपती संभाजीनगरच्या परिसराला परके नाही. वेरूळची लेणी ज्या बेसाल्टात कोरली गेली, त्याच्याही दर दहा लाख भागांत ते काही शे भाग असते. उत्प्रेरकात मात्र ते किती आहे यापेक्षा कसे पसरले आहे, हा प्रश्न अधिक कळीचा ठरतो.

गच्चीवर वाळत घातलेली ज्वारी एकेरी पसरली तर प्रत्येक दाण्याला ऊन लागते आणि ढीग केला तर आतली ओलीच राहते; अभिक्रियाही पृष्ठभागावरच घडत असल्याने ढिगाच्या पोटातले व्हॅनेडियम वाया जाते. पोहोचता येण्याजोग्या अणूंचे एकूण अणूंशी असलेले प्रमाण म्हणजे विखुरण. टायटॅनियाच्या एका चौरस नॅनोमीटरवर व्हॅनेडियमचे सुमारे ८ अणू मावले की एकपदरी थर पूर्ण होतो. म्हणजे दर ग्रॅमला ५० चौरस मीटर पृष्ठभाग असलेल्या टायटॅनियावर वजनाने जेमतेम सहा टक्के व्हॅनेडियम पेंटॉक्साइड, म्हणजे वर उल्लेखलेले ऑक्साइड, पुरते. सिलिकावर ते इतके नीट बसत नाही आणि लवकरच त्याचे स्फटिक होऊ लागतात.

बनवण्याची कृती साधी, पण देखणी आहे. अमोनियम मेटाव्हॅनेडेट ऑक्झॅलिक आम्लाच्या गरम द्रावणात टाकले की आधी पिवळसर-नारिंगी झालेला द्रव फसफसत गडद निळा होतो, कारण व्हॅनेडियमचे क्षपण होऊन, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून, त्याची ऑक्सिडेशन अवस्था एक पायरी खाली येते. त्यात आधाराची भुकटी भिजवून, वाळवून, ती सुमारे ५०० अंश सेल्सिअसला हवेत भाजली की पुन्हा ऑक्साइड बनते.

थर खरोखर एकपदरी बसला का, याची खरी कसोटी यानंतर लागते. क्ष-किरणांना तीन-चार नॅनोमीटरपेक्षा लहान स्फटिक सहसा दिसत नाहीत, त्यामुळे क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात व्हॅनेडियमचे शिखर नसणे हा एकपदरी थराचा पुरावा मानणे घाईचे ठरते. रामन वर्णपट, म्हणजे नमुन्यावर पडून विखुरलेल्या लेझर प्रकाशाचा वर्णपट, अधिक चाणाक्ष असतो: स्फटिकरूप पेंटॉक्साइडची रेषा ९९४ प्रति सेंटीमीटरच्या आसपास, तर पृष्ठभागाला चिकटलेल्या व्हॅनेडियमची १०३०च्या आसपास उमटते. मोजदादीसाठी ऑक्सिजनचे रासायनिक शोषण वापरतात. हायड्रोजनने क्षपण केलेल्या नमुन्याने उणे ७८ अंशांना किती ऑक्सिजन धरून ठेवला, यावरून उघडे अणू मोजले जातात. या पद्धतीने व्हॅनेडियमचा अभ्यास हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत के. व्ही. आर. चारी आणि सहकाऱ्यांनी बारकाईने केला. व्हॅनेडियम वाढवत नेले की शोषण आधी वाढते आणि एकपदरी थराच्या सुमारास थबकते, असे या अभ्यासांत दिसते. शोषणापूर्वी केल्या जाणाऱ्या ५०० अंशांच्या क्षपणात थराखालचे ऑक्साइडही बदलते, या आक्षेपामुळे काही संशोधकांनी सुमारे ३६७ अंशांवरच क्षपण आणि शोषण दोन्ही करण्याचा मार्ग सुचवला. कोणत्याही एका पद्धतीच्या आकड्यावर विसंबू नये, हेच त्यातून दिसते.

मोजमापाच्या या अडचणींत पावसाळी हवेची भर पडते. दमट हवेतले पाणी शोषून पृष्ठभागावरचे व्हॅनेडियम डेकाव्हॅनेडेटसारखी, म्हणजे दहा व्हॅनेडियम अणूंच्या समूहासारखी, रूपे घेते, १०३०ची रेषा सरकून स्फटिकाच्या रेषेजवळ येते आणि चांगले विखुरलेले ऑक्साइडही ढीग झाल्यासारखे भासते. म्हणून लेझरचा झोत सोडण्यापूर्वी नमुना बंद कुपीत कोरड्या ऑक्सिजनमध्ये तापवून घेतात.