कंबरदुखी आणि अंथरूण

कंबर दुखूं लागली कीं घरांतलीं वडील मंडळी "पडून राहा" असें सांगतात. सल्ला मायेचा खरा. पण तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यांत तो बहुधा उलटतो. अशा वेळीं दर कळ म्हणजे मणक्याला झालेली नवी इजा असें सहसा नसतें. हालचाल थांबली कीं स्नायु दुबळे होतात. मग थोड्या श्रमानेंही कंबर दुखते आणि भीतीनें माणूस पुन्हा अंथरूण धरतो. हें चक्र रोग्यानेंच तोडावयाचें असतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं दिलेल्या सूचनांत दुखण्याचें ज्ञान व व्यायाम यांस स्थान आहे, कंबरपट्ट्यास नाहीं.

आज दहा मिनिटें चालावें, पुढल्या आठवड्यांत बारा. दुखणें फार वाढल्यास चाल कमी करावी, पण सोडूं नये. मात्र पायांतली शक्ति जाणें, लघवी वा शौचावरील ताबा सुटणें, गुह्यभागीं बधिरता, ताप, यांपैकीं कांहींही दिसतांच तत्काळ डॉक्टरांकडे जावें. तसें कांहीं नसेल तर उद्यां सकाळीं अंथरूण गुंडाळून ठेवावें आणि रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत चालून यावें.