वर फारसी, खाली मोडी

इस्लामी सुलेखन म्हटले की डोळ्यांपुढे येतो विजापूरचा इब्राहिम रोझा आणि त्याच्या भिंतींवर दगडात कोरलेल्या आयती. शिरूर-दौंडकडच्या कुणब्याला ही अक्षरे भेटली ती मात्र कागदावर. पाटीलकीचा तंटा मिटला, इनाम मिळाले किंवा सारा ठरला, की कागद होई. निजामशाही-आदिलशाहीतल्या अशा कित्येक कागदांवर वर फारसी मजकूर व शिक्का आणि खाली मोडीतला मराठी मजकूर असे. महजर, म्हणजे गोतसभेचा निवाडा, असेल तर त्याच्यावर पाटलाच्या नावाशी नांगराची निशाणी काढलेली असे.

असे कागद वाचण्याचे मोठे ठिकाण म्हणजे पुण्याच्या सदाशिव पेठेतले भारत इतिहास संशोधक मंडळ. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी ते 1910 साली स्थापन केले. मंडळाचा पुढचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. इथे थांबायचे आहे ते ग. ह. खरे यांच्यापाशी.

पनवेलला 1901 साली जन्मलेले खरे फारसी शिकले ते मराठ्यांच्या इतिहासासाठी. अर्धा पुरावा फारसीत असताना निव्वळ मोडीवर भिस्त ठेवणे त्यांना पटेना. ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’च्या खंडांत त्यांनी मूळ फारसी कागद छापले आणि त्यांचा मराठी अनुवाद दिला. हे काम किती चिकाटीचे, ते फारसीची शिकस्ता लिपी पाहिल्यावर कळते. फारसीचीच नस्तालिक डौलदार आणि सावकाश लिहायची. शिकस्ता ही कचेरीतल्या घाईची. नुक्ते गळतात, एरवी सुटी राहणारी अक्षरे एकमेकांत गुंततात. मोडीही घाईचीच: आधी ओळभर रेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत जायची, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही. एक उजवीकडून धावते, दुसरी डावीकडून. दोन्हींमागे सारख्याच घाईतले कारकून होते, आणि हे साम्य फार लोभसवाणे आहे.

दोन्ही अक्षरे एकमेकांच्या घरात किती वावरली, याच्या खुणा ठायी ठायी आहेत. जिजाबाईंचा शिक्का फारसीत होता. पेशवाईतले कारकून मोडीत ‘सबा सबैन मया व अलफ’ लिहीत. सात, सत्तर, शंभर आणि हजार हे अरबी शब्द जोडून झालेले सुहूर सनाचे 1177, म्हणजे इसवी 1776-77. हा सन मृग नक्षत्रावर सुरू होई. अरबी आकडे शेतकऱ्याच्या पावसाळ्याला असे बांधले गेले.

काळजी वाटते ती पुढची. मोडीचे वर्ग भरतात, तरुण येतात. शिकस्ता वाचणारे मात्र थोडे. त्यामुळे कागदाचा खालचा भाग वाचून होतो आणि वरचा नुसता शोभेचा ठरतो.

याने काय बिघडते? समजा, मराठी मजकुरात ‘समान सलासीन अलफ’, म्हणजे 1038, आहे. तो हिजरी मानला तर इसवी 1628-29 येते आणि पुणे प्रांतावर निजामशाही दिसते. सुहूर मानला तर 1637-38. तोवर निजामशाही बुडालेली, मुलूख आदिलशाहीत गेलेला आणि शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत. वरच्या फारसी मजकुरात हिजरी 1047 असेल, तर प्रश्न तिथेच मिटतो. पण तो आकडा नुक्ते गळालेल्या, एकमेकांत गुंतलेल्या ओळींत दडलेला असतो. तो वाचायला एक तर दोन्ही लिप्या जाणणारा माणूस हवा, नाही तर एकाच मेजावर बसलेले दोघे.