1026 क्रमांकाची प्रवेशिका



गेल्या महिन्यात माझ्या पुतणीचा रात्री साडेअकराला फोन आला. ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्रीचा फोन पहिल्या घंटीलाच उचलायची फौजेतली सवय अजून सुटलेली नाही. "काका, जुरीत माझं सगळं झोपलं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या मुलांची खरी परीक्षा लेखी नसते. स्टुडिओत महिना-दोन महिने एक डिझाइन करायचं, शीट्स आणि मॉडेल घेऊन परीक्षकांसमोर उभं राहायचं आणि ते विचारतील त्याला उत्तरं द्यायची. त्याला ती जुरी म्हणतात. हिने एका छोट्या गावासाठी वाचनालय केलं होतं. दोन रात्री जागून मॉडेल कापलं, चिकटवलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या मॉडेलकडे पाहून एकच प्रश्न विचारला, "माणूस आत आला की पहिल्यांदा थांबतो कुठे?" हिच्याकडे उत्तर नव्हतं.

मी इन्फन्ट्रीचा माणूस. आयुष्यात बंकर सोडून काही बांधलेलं नाही. निवृत्तीनंतर इथे महूला घर बांधलं तेही मिस्त्रीच्या मर्जीनं. तिला डिझाइनमधलं मी काय सांगणार? पण एका आर्किटेक्चरच्या विद्यार्थिनीची गोष्ट मला माहीत होती आणि तिचा फौजेशी संबंध होता. त्या रात्री तिला सांगितली, तीच आज तुम्हाला सांगतो.

1981 साली मी डेहराडूनहून पास आऊट झालो, एकवीस वर्षांचा होतो. त्याच वर्षी अमेरिकेत येल विद्यापीठात माया लिन नावाची मुलगी शेवटच्या वर्षाला होती. तीही एकवीस वर्षांची. आईवडील चीनमधून आलेले. वडील मातीच्या भांड्यांचे कलाकार आणि ओहायोतल्या विद्यापीठात कलाशाखेचे प्रमुख, आई कवयित्री आणि साहित्याची प्राध्यापक. माया जन्मली, वाढली ती ओहायोतच.

आदल्या वर्षी तिने एक वेगळाच विषय घेतला होता: मृत्यूशी संबंधित वास्तुरचना. म्हणजे कबरी, समाध्या, स्मारकं. त्या वर्गात एक अभ्यास दिला गेला, तिसऱ्या महायुद्धाचं स्मारक करा. हिने जमिनीखाली थडग्यासारखी एक रचना केली. आत जाणाऱ्याला मुद्दामच कोंडल्यासारखं, निष्फळ वाटावं अशी. शिक्षक संतापले. माझा भाऊ जर त्या युद्धात मेला असता तर मी या जागी कधीच पाऊल ठेवलं नसतं, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. तिचं उत्तर तयार होतं. तिसरं महायुद्ध झालं तर भेट द्यायला उरणार कोण?

वादात ती बरोबर होती. पण शिक्षकांचं बोलणं तिच्या मनातून गेलं नाही. पुढे तिने स्वतःच आपल्या पुस्तकात हा प्रसंग लिहिला आहे. त्या स्मारकात तिची कल्पना होती, तिचा संताप होता, पण मेलेल्याचा भाऊ कुठेच नव्हता.

थोड्याच दिवसांत वर्गातल्या एकाला एका स्पर्धेचं पत्रक दिसलं. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1979 साली एक निधी उभारायला घेतला होता, सरकारकडून फक्त वॉशिंग्टनमधली जागा मिळवली होती, आणि आता स्मारकाचं डिझाइन मागवलं होतं. अटी थोड्या होत्या. मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या सगळ्यांची नावं हवीत. जागा शांत, विचार करायला लावणारी हवी. आजूबाजूच्या परिसराशी जुळायला हवी. आणि युद्ध बरोबर की चूक यावर काही बोलायचं नाही. वर्गाने तोच अभ्यास म्हणून घेतला.

नोव्हेंबरच्या सुट्टीत ती जागा पाहायला गेली. आम्ही त्याला रेकी म्हणतो. नकाशावर कितीही बोट फिरवा, जमिनीवर उभं राहिल्याशिवाय काही कळत नाही. तिने पाहिलं की ती एक मोठी सुंदर बाग आहे, लोक तिथे खेळतायत. ती बाग बिघडवायची तिला इच्छा झाली नाही. तिथेच तिला वाटलं की सुरी घेऊन जमीन कापावी आणि उघडी झालेली बाजू घासूनपुसून आरशासारखी करावी. पुढे त्यावर गवत येईल, पण काप राहील.

तर डिझाइन एवढंच. काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती, प्रत्येक जवळजवळ 247 फूट लांब, मध्ये साधारण 125 अंशांच्या कोनात मिळालेल्या. एक हात लिंकन स्मारकाकडे रोखलेला, दुसरा वॉशिंग्टन मनोऱ्याकडे. टोकाला भिंत जेमतेम वीतभर, कोनापाशी दहा फूट. मागून पाहिलं तर नुसती हिरवळ, भिंत दिसतच नाही. समोरून वाट हळूहळू खाली उतरते. नावं अकारविल्हे नाहीत, हुद्द्याप्रमाणेही नाहीत. जो ज्या दिवशी पडला त्या क्रमाने.

आता पुतणीला मी जे खास सांगितलं ते. पहिल्या आराखड्यात नावं डाव्या टोकापासून सुरू होऊन उजव्या टोकाला संपत होती, आपण ओळ वाचतो तशी. वर्गातल्या सुरुवातीच्या चर्चेत एका शिक्षकाने विचारलं, मग त्या मधल्या कोनाला अर्थ काय उरला? तिलाही ती जागा कच्ची वाटतच होती. तिने क्रम बदलला. आता 1959 ची पहिली नावं कोनापाशी, वरच्या बाजूला सुरू होतात, उजवीकडे जात जात भिंतीबरोबर जमिनीत शिरतात, डाव्या टोकाला पुन्हा वर येतात आणि 1975 ची शेवटची नावं परत कोनाशी येऊन थांबतात. युद्धातला पहिला आणि शेवटचा शेजारी-शेजारी. भिंत तीच, मोजमापं तीच. एका प्रश्नाने नुसती उलगडणी बदलली आणि येणाऱ्या माणसाला थांबायची जागा मिळाली.

"म्हणजे माझाच प्रश्न!" पुतणी म्हणाली. रडणं एव्हाना थांबलं होतं.

त्या विषयात मायाला मिळाली 'बी' ग्रेड. शिक्षकांनीही स्पर्धेला स्वतःचं डिझाइन पाठवलं होतं, ही गंमत वेगळीच. तिने मार्चच्या शेवटी पेस्टलमध्ये काढलेली पुसट चित्रं पाठवली, सोबत हाताने लिहिलेलं एक पान. ते पान लिहायला डिझाइन करण्यापेक्षा जास्त वेळ लागला, असं तिने सांगितलं आहे. विद्यार्थ्यांनो, हे ऐका. जे चित्रात दिसत नव्हतं, म्हणजे माणूस चालत कसा येईल आणि त्याला काय वाटेल, ते तिने शब्दांत मांडलं होतं.

प्रवेशिका आल्या 1,421. एवढे फलक लावायला अँड्र्यूज हवाई तळावरचं विमानांचं हँगर लागलं. नावं झाकलेली, फक्त आकडे. तिचा आकडा 1026. परीक्षक आठ, बहुतेक सगळे मुरलेले वास्तुरचनाकार, शिल्पकार, उद्यानरचनाकार. मे 1981 मध्ये निकाल लागला. नाव उघडलं तेव्हा कळलं की पदवीही हातात न आलेली विद्यार्थिनी जिंकली आहे. मला कधीकधी वाटतं, नाव, वय आणि आडनाव झाकलेलं नसतं तर काय झालं असतं?

कारण उघडल्यावर जे झालं ते वाईट होतं. काळा रंग म्हणजे लाज. जमिनीखाली म्हणजे लपवाछपवी. झेंडा नाही, सैनिक नाही. तिच्या तोंडावळ्यावरूनही बोलणारे निघाले. माजी सैनिकांतच दोन तट पडले.

आणि इथे मला कबूल केलं पाहिजे. एका छावणीच्या वाचनालयात जुन्या अमेरिकन मासिकात मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी विरोधकांच्या बाजूचा होतो. सैनिकाचं स्मारक जमिनीच्या वर असतं, ताठ असतं, असं माझं ठाम मत.

ते बदललं आमच्याच युनिटमध्ये. रेजिंग डेला जुने लोक येतात. 1971 लढलेले एक म्हातारे हवालदार आमच्या स्मृतिफलकासमोर बराच वेळ उभे होते. आमच्या फलकावर नावं हुद्द्याप्रमाणे: आधी अधिकारी, मग जेसीओ, मग बाकीचे. त्यांनी एका नावावर बोट ठेवलं, खाली सरकत दुसरं शोधलं, मग पार तळाशी तिसरं. म्हणाले, "साहेब, हे तिघं एका रात्री, एका ट्रेंचमध्ये गेले. तुम्ही यांना लांब का केलंत?" मी त्यांना नियम सांगितला. ते "जी साहेब" म्हणाले आणि चहाला गेले. मी मात्र त्या फलकाजवळ उभा राहिलो आणि मला ती काळी भिंत आठवली.

वॉशिंग्टनमध्येही नेमका हाच वाद झाला. नावं शोधायची कशी, वर्णक्रमाने लावा, असं माजी सैनिकांचंच म्हणणं. मग संरक्षण खात्याची यादी पाहिली तर त्यात 600 हून अधिक स्मिथ! वर्णक्रमाने ती टेलिफोन डिरेक्टरी झाली असती. तारखेच्या क्रमाने लावलं की एका चकमकीत पडलेले एकत्र राहतात, आणि वाचलेल्याला आपला दिवस भिंतीवर सापडतो. शोधण्यासाठी वर्णक्रमाची सूची असलेलं पुस्तक बाजूला ठेवलं. या मुद्द्यावर ती हलली नाही. अक्षरं अर्ध्या इंचाच्या आसपास ठेवण्यावरही हलली नाही. स्मारकाला मोठी अक्षरं लागतात, असं जाणकार सांगत होते. तिला पुस्तकाच्या पानासारखं जवळ येऊन वाचणं हवं होतं.

दगड कुठला म्हणाल तर आपला. बेंगळुरूजवळच्या खाणीतला काळा ग्रॅनाइट. तो व्हरमाँटमध्ये कापला, मेम्फिसमध्ये त्यावर नावं कोरली. 13 नोव्हेंबर 1982 ला लोकार्पण झालं तेव्हा नावं 57,939 होती. आज 58 हजारांच्या वर आहेत.

एका बाबतीत तिला माघार घ्यावी लागली. विरोधकांना कोनाच्या मधोमध सैनिकांचा पुतळा आणि वर झेंडा हवा होता. तडजोड होऊन फ्रेडरिक हार्ट यांचा तीन सैनिकांचा पुतळा थोडा दूर, झाडांजवळ उभा राहिला, 1984 मध्ये. तिला तो मुळीच नको होता. यात माझं मत वेगळं आहे. मुलीकडे गेलो होतो तेव्हा मी तिथे अर्धा दिवस घालवला. तो पुतळा मला खटकला नाही. दमलेले पोरगे आहेत, भिंतीकडे पाहतायत. पण मध्ये उभा केला असता तर भिंत संपली असती, एवढं नक्की.

तिथे उतरताना शहराचा आवाज हळूहळू कमी होतो. समोर नावं, आणि नावांमध्ये आपलंच तोंड दिसतं. माझ्या शेजारी एक बाई कागद लावून पेन्सिलीने एक नाव उतरवून घेत होत्या. मी टोपी काढली. कोणी सांगितलं नव्हतं.

ही कल्पना तिला आकाशातून सुचली नव्हती, हेही पुतणीला सांगितलं. येलच्या एका दालनात युद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं भिंतीवर आहेत. तिच्या शिक्षणाच्या काळात तिथे व्हिएतनामची नावं कोरली जात होती. ती येता-जाता त्यांना हात लावायची. आणि फ्रान्समधल्या थिएपव्हालच्या स्मारकावर तिने व्याख्यान ऐकलं होतं. 72 हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांची नावं असलेली ती कमान केली एडविन लटियन्स यांनी, ज्यांनी आपला इंडिया गेट केला. इंडिया गेटवरही 13 हजारांहून अधिक नावं आहेत. किती जणांनी ती वाचली आहेत? मी स्वतः दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये शेकडो वेळा तिथून गेलो, वाचली नव्हती. ती उंचावर आहेत. 2019 साली त्याच्याच मागे आपलं राष्ट्रीय समर स्मारक झालं. तेही खुल्या स्पर्धेतून, चेन्नईचे योगेश चंद्रहासन यांचं डिझाइन. ते जमिनीलगत पसरलेलं आहे, आणि त्याग चक्रात 25 हजारांहून अधिक नावं ग्रॅनाइटच्या पट्ट्यांवर अशा उंचीला आहेत की हात पोचतो. पुढच्या वेळी गेलात तर एखादं नाव वाचून या.

माया लिनने पुढे 1986 मध्ये येललाच आर्किटेक्चरची पदव्युत्तर पदवी घेतली. 1989 मध्ये माँटगोमेरीत नागरी हक्कांच्या चळवळीचं स्मारक केलं. तिथे एक गोल दगडी मेज आहे, त्यावर घटना आणि बळी गेलेल्यांची नावं काळाच्या क्रमाने, वरून पाण्याचा पातळ थर वाहतो. 1993 मध्ये येलमध्ये आणखी एक दगडी मेज, त्यावर त्या विद्यापीठात कोणत्या वर्षी किती विद्यार्थिनी होत्या त्याचे आकडे, सर्पिलाकार. सुरुवातीला नुसती शून्यं. वर्गातल्या त्या कोनापाशी हाती लागलेलं सूत्र तिने अशा रीतीने पुन्हा पुन्हा वापरलं, दर वेळी निराळ्या कामासाठी.

हे सगळं बोलता बोलता रात्रीचे दीड वाजले. बायकोने दोनदा दार उघडून पाहिलं.

परवा पुतणीने नवीन आराखड्याचे फोटो पाठवले. वाचनालय तेच आहे. फक्त पुस्तकांची कपाटं दारासमोरून हलवली आहेत आणि तिथे खिडकीखाली एक लांब कट्टा आला आहे. मी विचारलं, हा कशाला? म्हणाली, "काका, गावातली म्हातारी माणसं आधी चपला काढून बसतील, मग पेपर मागतील." कट्ट्याची उंची मला जरा जास्त वाटली, तसं कळवलं आहे. गुडघेदुखीचा अनुभव तिला नाही, मला आहे. शुक्रवारी पुन्हा जुरी आहे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.