पेशींच्या गावात (लेखांक ९) : टेलवरचं शेत

सेलूला एका गोठ्यात गवळाऊ गाय नुकतीच व्याली होती. वासरू उभं राहायच्या खटपटीत. घरधनी मात्र जार पडायची वाट बघत बसलेले. ‘लक्ष ठेवा लागते, नाही तं गायच खाऊन टाकते,’ म्हणाले. पडल्यावर त्यांनी त्यावर बादलीभर पाणी ओतलं, तेव्हा लालभडक गुंड्या स्पष्ट दिसल्या. गायीत त्या साधारण ८० ते १२० असतात. वासराकडचा जार आणि गायीचं गर्भाशय इथंच एकमेकांना बिलगतात.

पेशी दुभंगण्याआधी डीएनएची पुरती नक्कल करते, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. जारात, म्हणजे बाईच्या बाबतीत ज्याला वार म्हणतो त्यात, हा शिरस्ता मोडतो : नक्कल होते, पण पेशी दुभंगत नाही. गायीच्या जाराच्या बाहेरच्या थरात पाचातल्या एखाद्या पेशीचं केंद्रक दुभंगतं, पेशी तशीच राहते. या दोन केंद्रकांच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात घुसून संप्रेरकं पोचवतात.

उंदीर याच्या फार पुढे गेला. त्याच्या वारेतल्या महाकाय पेशींत केंद्रकही दुभंगत नाही, नकलेवर नक्कल होत राहते. साध्या पेशीत डीएनएचे दोन संच, तर इथं काही पेशींत हजाराच्या घरात. (आपला अमेरिकन कापूसही चार संचांचा, पण तो झाडभर तसाच असतो.)

या सगळ्या नकला सारख्याच असणार, असं कुणालाही वाटेल. स्टॅनफर्डच्या रॉबर्टा हॅनिबल, ज्युली बेकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली मोजून दाखवलं की तसं नाही. उंदराच्या जनुकसंचातल्या ४७ पट्ट्यांच्या प्रती बाकीच्यांपेक्षा कमी भरल्या.

कारण कालव्याखालच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. डीएनएची नक्कल ठिकठिकाणच्या ठाण्यांपासून सुरू होऊन दोन्ही बाजूंना सरकते. काही लांबलचक पट्ट्यांत अशी ठाणी विरळ, आणि त्यांची पाळीही उशिरा येते. दोन कालव्यांचं टेल, म्हणजे शेवटचं टोक, एकाच शेतात यावं, तशी त्यांची गत. पाणी मध्यापर्यंत पोचायच्या आत पुढचं आवर्तन सुरू. दर फेरीला तूट वाढते, आणि पट्ट्याच्या मधोमध सगळ्यात जास्त. इतर पेशींना ही थकबाकी चुकवल्याशिवाय दुभंगता येत नाही. महाकाय पेशीला दुभंगायचंच नाही, मग हिशेब मागणार कोण?

कोरड्या राहिलेल्या पट्ट्यांत मज्जापेशींच्या घडणीची आणि पेशी एकमेकींना चिकटण्याची जनुकं बरीच आढळली. वारेला नको तेच टाळलं, असं म्हणायचा मोह होतो. मला तो घाईचा वाटतो. बंद पडलेल्या जनुकांच्या भागात नक्कल एरवीही उशिराच पोचते. पण याच गटाला २०१६ मध्ये उलटा प्रकारही सापडला. प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या भाऊबंद जनुकांसारख्या, वारेच्या रोजच्या कामाच्या काही भागांच्या प्रती जास्त होत्या. तिथं मात्र मला योगायोग म्हणवत नाही.

घरधन्यांनी तोवर जार टोपल्यात भरून गोठ्यामागं नेला होता, खड्डा आधीच खणलेला.

पुढील आठवड्यात : फळमाशीची लाळग्रंथी