बेसमधली खरखर नेमकी कुठून येते?

कायमचा बिघाड शोधायला सोपा असतो, कारण तो जागा सोडत नाही. बेस गिटारमध्ये मधूनच उठणारी खरखर मात्र तालमीत छळते आणि दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर गप्प बसते. मग अंदाजाने पैसे खर्च होतात. आधी नवी केबल, मग नवे पिकअप, शेवटी नवा अँप. यातला बराचसा खर्च टाळता येतो. खरखर आपल्याला हवी तेव्हा उठवता आली, की तिची जागा सापडलीच म्हणून समजा. म्हणून सुरुवातीला ती थांबवायच्या मागे लागू नका. ती कशाने उठते ते आधी शोधा.

उदाहरणासाठी आपण जॅझ बेस घेऊ. फेंडर कंपनीने 1960 साली बाजारात आणलेली ही रचना आज कितीतरी कंपन्या वापरतात. दोन पिकअप, दोन व्हॉल्यूम, एक टोन आणि केबल खोचायचा जॅक, एवढाच तिचा संसार. आपली बेस वेगळ्या धाटणीची असली तरी तपासणीचा क्रम हाच राहतो.

आधी आवाजाची वाट समजून घेऊ. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते. ती व्हॉल्यूम आणि टोनमधून जॅकपर्यंत येते, तिथून केबलने अँपपर्यंत जाते. अँप तिला कितीतरी पटींनी मोठी करतो, आणि वाटेतला जरासा सैल जोडही तितकाच मोठा करून ऐकवतो.

आता आवाज कोणता आहे ते कान देऊन ऐका. सलग ‘घूंऽऽ’ असा घरातल्या विजेचा आवाज येत असेल, तर तो बाहेरून शिरतोय. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा दिशा आलटून-पालटून वाहते, त्याच कंपनांचा आणि त्यांच्या पटींचा हा सूर असतो. ‘चर्र, फट्ट, खर्र’ असा तुटक आवाज असेल आणि मधे बेसचा आवाज जात-येत असेल, तर कुठेतरी जोड सुटतोय. आणि काहीही न हलवता बारीक चटचट येत असेल, तर ती वेगळीच भानगड असते. तिच्याकडे पुढे येऊ.

पहिली पायरी: मधलं सगळं काढा. पेडल, ट्यूनर, वायरलेस, सगळं बाजूला ठेवून एकाच केबलने बेस थेट अँपला जोडा. खरखर गेली तर बेस निर्दोष आहे. आता काढलेल्या वस्तू एकेक करून परत जोडा. दोन एकदम जोडल्या तर दोष कोणाचा ते पुन्हा कळणार नाही. पेडलांच्या मधल्या वीतभर केबली फार दगा देतात आणि त्यांच्यावर संशय घ्यायचं कोणाच्या मनातही येत नाही.

दुसरी पायरी: बेसचे दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर आणा आणि केबल, पिन, जॅक हलवून बघा. तरीही चर्रचर्र येत असेल, तर बिघाड व्हॉल्यूमच्या पुढे आहे: जॅक, केबल किंवा अँप. व्हॉल्यूम शून्यावर शांतता आणि उघडल्यावर खरखर, असं असेल तर पिकअप किंवा व्हॉल्यूमच्या नॉबकडे बघायचं. या एका चाचणीने अर्धं काम होतं.

तिसरी पायरी: केबल. खात्रीची दुसरी केबल लावून बघणं सगळ्यात सोपं. ती नसेल तर मल्टिमीटर घ्या. हे वीज मोजायचं छोटं यंत्र मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. ‘जोड आहे का’ हे सांगणारी बीप त्यात असते. केबलच्या एका पिनचं टोक ते दुसऱ्या पिनचं टोक, बीप यायला हवी. एका पिनचा दांडा ते दुसऱ्या पिनचा दांडा, इथेही यायला हवी. टोक ते दांडा मात्र यायला नको. आता महत्त्वाचं: बीप चालू असताना केबल दोन्ही पिनांपाशी वाकवून, फिरवून बघा. स्थिर ठेवलेली केबल चाचणीत हमखास पास होते. बीप तुटली तर पिनचं झाकण उघडा. बहुतेक वेळा आत बाहेरच्या जाळीदार तारेचा डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, निघालेला दिसतो.

चौथी पायरी: जॅक. माझ्या मते सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतो, म्हणून इथे सावकाश थांबू.

पिन जॅकमध्ये असताना हलक्या हाताने वर-खाली, मग गोल फिरवून बघा. ठरावीक कोनात खरखर येत असेल तर दोन शक्यता आहेत. जॅकच्या आत एक वाकवलेली धातूची पट्टी असते. ती पिनच्या टोकाला दाबून धरते. वर्षानुवर्षं पिन खोचून ती पट्टी सैल होते, किंवा तिच्यावर कळकट थर बसतो. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत हा थर लवकर चढतो. दुसरी शक्यता म्हणजे जॅकला आतून जोडलेल्या दोन तारांपैकी एकीचा डाग निघालाय.

जॅझ बेसमध्ये नॉब आणि जॅक एकाच चकचकीत धातूच्या पट्टीवर असतात. केबल काढा, त्या पट्टीचे स्क्रू सोडवा आणि पट्टी हळूच उलटी करा. आतल्या तारा आखूड असतात, त्यांना ओढ बसू देऊ नका. काही खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणती तार कुठे होती हे नंतर आठवत नाही.

जॅकमधली पट्टी सैल वाटली तर बोटाने किंचित आत वाकवा. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जॅकचं आतलं अंग पुसा. मग लाकडी काडीने दोन्ही तारा हलकेच ढकलून बघा. चांगला डाग गुळगुळीत, तारेला चिकटून पसरलेला असतो. वाईट डाग करडा, दाणेदार, गोळ्यासारखा वर बसलेला दिसतो. तो पुन्हा तापवून थोडं नवं सोल्डर द्यावं लागतं. 30–40 वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरते. नळकामाची आम्लयुक्त पेस्ट इथे वापरू नका, ती तारा खाते. खिडकी उघडी ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. जॅकचा बाहेरचा नट सैल झाला की बाहेरूनच पान्याने आवळतात. आतला जॅक नटाबरोबर फिरतो, तारांना पीळ बसतो आणि महिन्याभरात त्या तुटतात. नट आवळताना जॅक आतून धरून ठेवायलाच हवा. आणि वाजवताना केबल बेसच्या खांद्यावरच्या पट्ट्यामागून एक वळसा घेऊन जॅकला न्या, म्हणजे कोणाचा पाय पडला तरी झटका पट्ट्याला बसेल.

पाचवी पायरी: नॉब. नॉबच्या खाली पॉट असतो, म्हणजे कार्बनच्या गोलसर पट्ट्यावरून फिरणारा एक धातूचा स्पर्शक. रेडिओच्या जुन्या व्हॉल्यूममध्येही हीच रचना असे. नॉब फिरवतानाच खरखर येत असेल आणि सोडून दिल्यावर थांबत असेल, तर आत धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटासा फवारा पॉटच्या पायांजवळच्या फटीतून आत मारा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. दारांच्या बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे मात्र नको. चार दिवस बरं वाटतं, मग त्या तेलावर आणखी धूळ चिकटते. सफाईनंतरही एकाच जागी आवाज जात असेल तर कार्बन झिजलाय, पॉट बदला. या बेसमध्ये साधारणपणे 250 किलोओहमचे पॉट असतात, त्याच मूल्याचा आणा.

सहावी पायरी त्या बारीक चटचटीची. बेसच्या अंगावरच्या प्लॅस्टिकच्या पिकगार्डवर बोटं घासली की चटचट येते का? डिसेंबर-जानेवारीत पुण्याकडे, विदर्भ-मराठवाड्यात हवा कोरडी असते. तेव्हा प्लॅस्टिकवर घासल्याने वीज साचते आणि ती सुटताना पिकअप तो आवाज पकडतो. स्वेटर काढताना केसांत जे होतं तेच हे. पावसाळ्यात हा आवाज आपोआप जातो, म्हणून लोकांना वाटतं बेस बरी झाली, आणि थंडीत पुन्हा पॉट बदलायला नेतात. खात्री करायला पिकगार्ड किंचित ओलसर फडक्याने पुसा आणि लगेच वाजवा. चटचट थांबली तर बेसमध्ये काहीही बिघडलेलं नाही. पक्का उपाय हवा असेल तर पिकगार्डच्या खालच्या बाजूला तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवतात आणि तो बेसच्या ग्राउंडला, म्हणजे जॅकवर पिनच्या दांड्याकडे जाणाऱ्या तारेला, जोडतात. हा पत्रा कुठल्याही उघड्या सिग्नलच्या जोडाला टेकणार नाही एवढं पाहा, नाहीतर बेस मुकी होईल.

सातवी पायरी: ग्राउंड. ब्रिजखालून, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या पट्टीखालून, एक तार आतल्या पॉटपर्यंत जाते. तारांना हात लावल्यावर घूंघूं कमी होणं हे निरोगी बेसचं लक्षण आहे. हात लावून काहीच फरक पडत नसेल, किंवा कधी पडतो कधी नाही, तर ती तार सुटलीय. मल्टिमीटरचं एक टोक ब्रिजला, दुसरं बेसला लावलेल्या केबलच्या दुसऱ्या टोकावरच्या दांड्याला लावा. जवळजवळ शून्य ओहम दिसायला हवं. हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर जॅकवरच्या दोन तारा उलट लागल्या आहेत का ते बघा.

एक गोष्ट बिघाड समजू नका. जॅझ बेसचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडले की घूंघूं एकमेकांना खोडते. एक कमी केला की थोडी येणारच. ती खोलीतल्या पंख्याच्या रेग्युलेटरमधून, चार्जरमधून, एलईडी दिव्यांतून येते. बेस हातात धरून हळूहळू गोल फिरा. दिशेप्रमाणे आवाज कमी-जास्त झाला तर स्रोत बाहेर आहे. रेग्युलेटर बंद करून बघा, मोबाइल खिशातून काढून लांब ठेवा.

पिकअपवर संशय असेल तर बेस न उघडता तपासता येतो. केबल बेसला लावा, दुसरं टोक अँपऐवजी मल्टिमीटरला जोडा. एक व्हॉल्यूम पूर्ण, दुसरा शून्य ठेवला तर 7 किलोओहमच्या आसपास आकडा दिसतो. दोन्ही पूर्ण उघडले तर साधारण निम्मा. एका पिकअपवर आकडा 100 किलोओहमच्या पुढे उडाला तर त्याची तार किंवा वेढा तुटलाय. पिकअपवर बोटाने टकटक करताना आकडा नाचत असेल तर मधूनच जाणारा दोष रंगेहाथ सापडला. हे आकडे बॅटरी नसलेल्या बेसचे आहेत.

बॅटरीवर चालणाऱ्या, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये सगळ्याच्या आधी 9 व्होल्टची बॅटरी बदला आणि तिची टोपी घट्ट बसते का ते बघा. अशा बेसची पिन जॅकमध्ये राहिली की बॅटरी संपत राहते, म्हणून वाजवून झाल्यावर पिन काढायची सवय लावा.

उरला अँप. मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी दोन भोकं असतील तर एक छोटी केबल या दोघांत लावा. खरखर गेली तर रिटर्नच्या जॅकमधला आतला स्पर्शबिंदू मळलाय. स्वच्छ पिन थोडा क्लीनर लावून दहा-बारा वेळा घातली-काढली की बहुतेकदा सुटतं. याच्या पुढे अँप आपण उघडू नका. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.

आणि कळकळीची विनंती आहे: घूंघूं थांबते म्हणून अँपच्या प्लगची अर्थची जाड पिन कधीही कापू नका, टेप लावून झाकू नका. मांडवात, जनरेटरवर, लांबवरून ओढलेल्या वायरीवर वाजवताना ती पिनच आपला जीव राखते. बेस हातात असताना माइकला ओठ लागून झिणझिणी आली, तर गाणं तिथेच थांबवा, तारांवरून हात काढा आणि वीजवाल्याला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. त्याने हिरवा कंदील दिल्याशिवाय पुन्हा वाजवायला उभं राहू नका.

इतकं करूनही दोष हाती लागला नाही तर बेस दुरुस्तीला न्या, पण सोबत कागदावर लिहून न्या: कोणत्या नॉबच्या कोणत्या स्थितीत येतं, पिन कुठे वळवल्यावर येतं, दुसऱ्या केबलवर आणि दुसऱ्या अँपवर येतं का, हवा कोरडी होती की दमट. आपली केबलही सोबत न्या आणि दुरुस्तीवाल्यासमोर एकदा खरखर उठवून दाखवा.